मिडलसेक्स : कारभार गेला, पत्ता राहिला

लंडनला जाणारा आपला माणूस हीथ्रोला उतरतो तेव्हा आपण लंडनमध्ये पोचलो असे समजतो, आणि कागदोपत्री ते बरोबरच आहे. परंतु ज्या भुईवर तो विमानतळ उभा आहे ती शेकडो वर्षे मिडलसेक्स काउंटीची होती. हीथ्रो हे तिथल्या एका लहानशा वस्तीचे नाव. विमानतळासाठी ती वस्ती उठली आणि पुढे १ एप्रिल १९६५ रोजी काउंटीही उठली. आज त्याला साठ वर्षे उलटून गेली. तरी हॅरो, एनफील्ड, ट्विकनहॅम या भागांतले कितीतरी लोक पत्त्याच्या शेवटी ‘मिडलसेक्स’ असे लिहितात. लिहा असे त्यांना कोणी सांगितलेले नाही, लिहू नका असेही सांगितलेले नाही. पत्र पोचते.

सीमांचा आणि नावांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन मते ऐकू येतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात, सरकारी कागदावरून नाव गेले की सगळे संपले. दुसऱ्या मताचे म्हणतात, सरकार काहीही लिहो, लोकांच्या मनातले नाव कोण पुसणार? मिडलसेक्सचा इतिहास वाचल्यावर मला ही दोन्ही मते अपुरी वाटू लागली, म्हणून तो जरा तपशिलाने मांडतो.

काउंटी म्हणजे जिल्हा असे आपण सरसकट भाषांतर करतो, पण तेवढ्याने अर्थ पुरा होत नाही. जिल्हा हा कलेक्टर कचेरीचा विषय. काउंटी ही कचेरी तर आहेच, शिवाय खानदेश किंवा वऱ्हाड यांच्यासारखी मुलखाची ओळखही आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. खानदेश नावाचा जिल्हा आज नाही, पण म्हणून खानदेशी माणूस स्वतःला खानदेशी म्हणायचा थांबलेला नाही. काउंटीच्या बाबतीत कचेरी आणि मुलूख या दोन्ही गोष्टी एकाच नावात बसलेल्या होत्या. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मिडलसेक्स म्हणजे मधल्या सॅक्सनांचा मुलूख. पूर्वेकडच्या सॅक्सनांचे एसेक्स, पश्चिमेकडच्यांचे वेसेक्स, आणि मध्ये हे. इ. स. ७०४ मधल्या एका दानपत्रात हे नाव प्रथम सापडते. दक्षिणेला थेम्स, पूर्वेला ली आणि पश्चिमेला कोल्न अशा तीन नद्यांनी तिची हद्द आखलेली. आकाराने इंग्लंडच्या जुन्या काउंट्यांमध्ये शेवटून दुसरी. तिच्याहून लहान एकटी रटलंड, जिच्याविषयी पुढे बोलायचे आहे.

या काउंटीचे दुखणे असे की लंडन शहर तिच्याच कुशीत वसलेले होते. बाराव्या शतकापासून १८८९ पर्यंत मिडलसेक्सचा शेरीफ निवडण्याचा हक्क मिडलसेक्सच्या रहिवाशांना नव्हता, तो लंडन शहराला होता. एका मुलखाचा अधिकारी शेजारच्या शहराने नेमायचा, आणि तोही सातशेहून अधिक वर्षे, असे उदाहरण इंग्लंडमध्येही विरळाच.

तरीही लोकशाहीच्या इतिहासात मिडलसेक्सच्या मतदारांनी आपले नाव लिहून ठेवले आहे. आपल्याकडे ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. जॉन विल्क्स नावाचा एक वादग्रस्त पत्रकार-राजकारणी. राजाच्या भाषणावर टीका केल्याबद्दल सरकारचा त्याच्यावर रोष होता. १७६८ मध्ये मिडलसेक्सच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटात निवडून दिले. फेब्रुवारी १७६९ मध्ये सभागृहाने त्याला हाकलले. मतदारांनी पुन्हा निवडून दिला, सभागृहाने निवड पुन्हा रद्द केली, तिसऱ्यांदाही तेच झाले. एप्रिलच्या निवडणुकीत विल्क्सला ११४३ मते पडली आणि विरोधात उभे केलेल्या हेन्री लटरेलला २९६. सभागृहाने निवडून आला म्हणून जाहीर केला तो लटरेल! ब्रेंटफर्डच्या मतदान-मंडपाभोवती जमलेल्या लोकांचा संताप काय झाला असेल याची कल्पना करावी. १७७४ मध्ये विल्क्स पुन्हा निवडून आला तेव्हा त्याला बसू दिले आणि १७८२ मध्ये ते जुने ठराव कामकाजाच्या नोंदींतून काढून टाकण्यात आले. आपला प्रतिनिधी कोण हे मतदार ठरवतील, सभागृह नव्हे, हे तत्त्व मिडलसेक्सच्या या झगड्यातून पक्के झाले. विल्क्स स्वतः काही साधुसंत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण मतदारांचा हट्ट त्याच्या चारित्र्यासाठी नव्हताच.

पहिला मोठा घाव बसला तो १८८९ मध्ये. आदल्या वर्षीच्या कायद्याने ‘काउंटी ऑफ लंडन’ नावाचे नवे प्रशासन निर्माण झाले आणि मिडलसेक्सचा दाट वस्तीचा भाग, म्हणजे वेस्टमिन्स्टर, मॅरिलबोन, हॅम्पस्टेड, इस्लिंग्टन, हॅकने वगैरे सगळे, तिकडे गेले. जमीन थोडी गेली, पण सगळ्यात गजबजलेली गेली. आणि ही काटछाट निव्वळ प्रशासनापुरती नव्हती. कायद्याच्या शब्दांत तो भाग इतर कामांसाठीही मिडलसेक्सपासून तोडलेला होता. जुन्या काउंटीचे अभिमानी ही गोष्ट सांगायला विसरतात.

आता गंमत पाहा. मिडलसेक्स क्रिकेट क्लब स्थापन झाला १८६४ मध्ये, आणि १८७७ पासून त्याचे घरचे मैदान लॉर्ड्स. लॉर्ड्स आहे मॅरिलबोनमध्ये. म्हणजे १८८९ नंतर मिडलसेक्सचा संघ आपले घरचे सामने प्रशासनाच्या दृष्टीने परक्या काउंटीत खेळत आला आहे! दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत ज्या लॉर्ड्सवर शतके ठोकली, ते मिडलसेक्सचे मैदान मिडलसेक्स परिषदेच्या हद्दीत तेव्हाही नव्हते आणि त्याआधी नव्वद वर्षेही नव्हते. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला जिथे हरवले त्या ओव्हलची कथाही तीच. सरेचे मैदान, पण १८८९ पासून सरेच्या कारभाराबाहेर. मिडलसेक्सच्या परिषदेची कचेरी तरी कुठे होती? पार्लमेंटसमोर, वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर. १९१३ मध्ये उघडलेली ती मिडलसेक्स गिल्डहॉलची देखणी इमारत आज ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय म्हणून वापरात आहे, ऑक्टोबर २००९ पासून.

बडोद्याच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. बडोदा संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, पण रणजी करंडकात बडोद्याचा संघ आजही बडोदा म्हणूनच उतरतो. इंदूरकरांचे नशीब वेगळे. चार वेळा रणजी करंडक जिंकलेला होळकरांचा संघ संस्थानामागोमाग गेला आणि मध्य प्रदेशला तो करंडक पुन्हा दिसला तो २०२२ मध्ये. एका संघाचे नाव टिकले आणि दुसऱ्याचे गेले. यात प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्न नव्हता. नोंदलेली संघटना कोणत्या नावाने चालू राहिली, एवढाच प्रश्न होता. मिडलसेक्समध्येही तेच झाले.

उरलेल्या मिडलसेक्सवर पुढच्या पन्नास वर्षांत रेल्वेने घरे उगवली. शेतांच्या जागी हॅरो, वेम्ब्ली, राइस्लिप अशी उपनगरे पसरली आणि १९५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या बावीस लाखांच्या वर गेली. माणसे मिडलसेक्समध्ये झोपत आणि लंडनमध्ये कमावत. मग सरकारने विचारले, ही वेगळी काउंटी कशासाठी? १९५७ मध्ये आयोग बसला, १९६३ मध्ये कायदा झाला आणि १९६५ च्या एप्रिलमध्ये मिडलसेक्स परिषद बंद झाली. बहुतेक मुलूख ग्रेटर लंडनच्या नऊ नगर-विभागांत वाटला गेला. पॉटर्स बार हर्टफर्डशायरला दिले, स्टेन्स आणि सनबरी सरेला. जुन्या स्थानिक हद्दीनिशी जसेच्या तसे राहिले ते एकटे हॅरो. बाकी सगळ्यांची जोडाजोड नाहीतर तोडफोड.

आता मला ज्या गोष्टीचे सगळ्यात अप्रूप वाटते ती सांगतो. काउंटी संपली, पण टपाल खात्याने ‘मिडलसेक्स’ चालू ठेवले. कारण भावनेचे नव्हते, खर्चाचे होते. लाखो पत्ते बदलायचे म्हणजे कटकट. म्हणून १९९६ पर्यंत पत्त्यात मिडलसेक्स लिहिणे हाच टपालाचा रीतसर रिवाज होता. स्टेन्सच्या माणसाचा कर सरेला आणि पत्ता मिडलसेक्सचा, असा प्रकार तीस वर्षे चालला. आणि याच तीस वर्षांत तिथे कोण आले? साऊथॉलला पंजाबी आधीच येऊ लागले होते. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती हॅरो-वेम्ब्लीला आले. या लोकांनी मिडलसेक्सची परिषद कधी पाहिलीच नाही. ते आले तेव्हा काउंटी मेलेली होती. पण दुकानाच्या पाटीवर, बिलावर, मुलांच्या शाळेच्या अर्जावर त्यांनी ‘मिडलसेक्स’ लिहिले आणि त्यांच्या मुलांना ते आपल्या गावाचेच नाव वाटले. सॅक्सनांनी ठेवलेले नाव साऊथॉलच्या मिठाईवाल्याने पुढे नेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कुळाचा, रक्ताचा किंवा जुन्या जमिनीचा यात काही संबंध नाही. रोजच्या व्यवहारात नाव लिहावे लागत होते, म्हणून ते राहिले.

संस्थांनीही हातभार लावला. नॉर्थ, वेस्ट आणि सेंट्रल मिडलसेक्स या नावांची इस्पितळे चालूच राहिली. आणि एक संस्था तर काउंटी गेल्यानंतर जन्माला आली. १९७३ मध्ये काही कॉलेजे एकत्र करून जे पॉलिटेक्निक काढले त्याला नाव दिले मिडलसेक्स. १९९२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. आज हेंडनला त्याचे मुख्य ठाणे आहे आणि दुबई व मॉरिशसलाही शाखा आहेत. परिषद जाऊन आठ वर्षे झाली असताना कोणीतरी समितीत बसून हे नाव सुचवले असणार आणि बाकीच्यांना ते विचित्र वाटले नसणार, यातच सगळे आले.

आपल्या लोकांचाही या मुलखाशी जुना संबंध आहे, तो नोंदवून ठेवतो. स्वातंत्र्यवीर सावरकर १९०६ मध्ये इंग्लंडला गेले आणि ज्या इंडिया हाउसमध्ये राहिले, ते हायगेटचे ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हॉर्न्सीच्या हद्दीत, म्हणजे मिडलसेक्समध्ये होते. आज त्या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत ते किंग हेन्रीज रोडवरचे घर, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, ते हॅम्पस्टेडचे. म्हणजे जुन्या मिडलसेक्सचे, पण १८८९ मध्ये तुटून गेलेल्या भागातले. आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. तेही जुन्या विल्सडनमध्ये, मिडलसेक्सच्याच भुईवर. गणपती बसतात ते मिडलसेक्समध्ये, असे कोणी तिथे म्हणत नसेल, पण नकाशा तसे म्हणतो.

इथवरची हकीकत ऐकून दुसऱ्या मताची मंडळी खूश होतील. नाव पुसले जात नाही, हे सिद्ध झाले! त्यांना थोडे थांबवतो.

१९७४ मध्ये इंग्लंडभर काउंट्यांची फेररचना झाली तेव्हा सरकारच्या बाजूने असे सांगितले गेले की या नव्या हद्दी फक्त कारभारासाठी आहेत, लोकांच्या जुन्या निष्ठा बदलण्याचा हेतू नाही. २०१३ मध्ये सेंट जॉर्ज दिनाला मंत्री एरिक पिकल्स यांनी ऐतिहासिक काउंट्यांना सरकारची मान्यता असल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. मिडलसेक्सचा लाल ध्वज, त्यावर तीन वाकड्या सॅक्सन सुऱ्या आणि वर मुकुट, २०११ पासून ध्वजांच्या नोंदवहीत आहे. १६ मे हा मिडलसेक्स दिन. १८११ मध्ये त्या दिवशी स्पेनमध्ये आल्बुएराच्या रणात इथल्या ५७ व्या पलटणीने मार खात पण मागे न हटता झुंज दिली त्याची आठवण. ध्वज आहे, दिन आहे, मंत्र्यांचे आशीर्वाद आहेत. नाही ते काय? कर बसवण्याचा, शाळा चालवण्याचा, घरबांधणीला परवानगी देण्याचा अधिकार. त्यातला कणभरही परत आला नाही. निष्ठेला मान्यता देणे सरकारला सोपे जाते, कारण तिला अंदाजपत्रकात रक्कम दाखवावी लागत नाही. माझ्या मते १९७४ चे ते आश्वासन खोटे नव्हते, स्वस्त होते.

आता रटलंड पाहा. इंग्लंडची सर्वांत लहान काउंटी, १९७१ मध्ये तीस हजारही वस्ती नव्हती. ब्रीदवाक्य लॅटिन, अर्थ ‘थोडक्यात पुष्कळ’. ऑकहॅमच्या वाड्यात एक मजेदार रिवाज आहे. तिथून जाणाऱ्या उमरावाने घोड्याचा नाल नजर करायचा. असे दोनशेहून जास्त नाल भिंतींवर टांगलेले आहेत. साठीच्या दशकाच्या आरंभी ही काउंटी शेजारच्या लेस्टरशायरमध्ये घालण्याचा प्रस्ताव आला. लोकांनी असा गदारोळ केला की १९६३ मध्ये सरकारने तो सोडून दिला. १९७४ मध्ये मात्र टळले नाही. रटलंड लेस्टरशायरचा एक तालुका झाला म्हणा ना. पण १ एप्रिल १९९७ रोजी ती स्वतंत्र कारभारासह परत आली. तेवीस वर्षांत.

रटलंडला जे साधले ते मिडलसेक्सला का साधले नाही? रटलंडच्या लोकांचे आपल्या काउंटीवर प्रेम जास्त होते असे सगळे सांगतात. असेलही. पण मला खरे कारण वेगळे दिसते. १९७४ मध्ये रटलंडचा दर्जा उतरवला, पण तिचे तुकडे केले नाहीत. जुन्याच हद्दीची, जुन्याच नावाची, लोकांनी निवडलेली एक लहान परिषद तिथे उरली. तिच्या हातात अधिकार थोडे होते, पण ठराव करायला सभागृह होते, पत्रव्यवहाराला कचेरी होती, दर निवडणुकीत उमेदवारांना प्रश्न विचारायला जागा होती. त्या भागात मोठे धरण बांधले जात होते, त्याला जवळच्या गावावरून एम्पिंगहॅम म्हणत. १९७६ मध्ये त्याचे नाव झाले रटलंड वॉटर. काउंटी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि नव्या सरोवराला तिचे नाव मिळाले! नव्वदीच्या दशकात आयोगाने पुन्हा तपासणी सुरू केली तेव्हा रटलंडच्या वतीने बोलायला एक तोंड होते. मिडलसेक्सच्या वतीने कोण बोलणार? नऊ विभाग, दोन शेजारी काउंट्या. प्रत्येकाची कचेरी वेगळी, हिशेब वेगळा. क्रिकेट क्लब सामने खेळतो, परिषद मागत नाही. टपाल पत्र पोचवते, ठराव करत नाही. हंटिंग्डनशायरनेही त्याच तपासणीत स्वतंत्र कारभार मागितला होता, तो मिळाला नाही. म्हणजे नुसती परिषद असून भागते असेही नाही. पण परिषदच नसेल तर मागणी दारापर्यंतही जात नाही.

याच्या उलट उदाहरण हंबरसाइडचे. १९७४ मध्ये यॉर्कशायर आणि लिंकनशायरचे लचके तोडून ही नवी काउंटी बनवली. कचेरी, अधिकारी, पैसा सगळे होते. लोकांनी तिला आपली मानली नाही आणि १९९६ मध्ये ती गेली. तिच्या आठवणीने कोणी ध्वज फडकवत नाही.

बेळगाव-निपाणीकडचे वाचक इथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मिडलसेक्स सरेत गेले काय आणि लंडनमध्ये गेले काय, इंग्रजी ती इंग्रजीच राहिली. शाळेचे पुस्तक बदलले नाही, कचेरीतला अर्ज परक्या भाषेत लिहावा लागला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जी रेघ आपल्याकडे ओढली गेली तिने सातबाऱ्याच्या उताऱ्याची भाषा बदलली. म्हणून मिडलसेक्सवाल्यांसारखे तुम्हीही नावावर समाधान माना, असा उपदेश कोणी करील तर तो फसवा आहे. त्यांचे नुकसान अभिमानाचे होते. सीमाभागातले नुकसान रोजच्या व्यवहाराचे आहे. उलट इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथल्या आपल्या जुन्या घराण्यांची स्थिती मिडलसेक्सला जवळची. राज्य गेले, दरबार गेला. वाडे, वाचनालये, नाट्यमंडळे, गणेशोत्सव आणि पेठांची नावे राहिली. आपणही बहुतेक वेळा ध्वज आणि दिन यांवर खूश असतो. वाचनालयाच्या कार्यकारिणीची निवडणूक वेळेवर झाली का, वास्तूची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, नगरपालिकेत त्या पेठेचा नगरसेवक कोण, हे विचारणारे थोडे. संमेलनाला हॉल भरतो आणि वार्षिक सभेला गणसंख्या जमत नाही, हा अनुभव बहुतेक मंडळांना असेल.

रटलंडची कथाही सुखान्त झाली आणि संपली, असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि लहान परिषदा मोडून पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या मोठ्या परिषदा करण्याचे धोरण मांडले. रटलंडची वस्ती २०२१ च्या शिरगणतीत साधारण एक्केचाळीस हजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेस्टर, लेस्टरशायर आणि रटलंड या तिघांकडून फेररचनेचे प्रस्ताव मागवण्यात आले. निष्ठा अबाधित राहतील, हे आश्वासन याही वेळी ऐकू येईलच. ऑकहॅमच्या लोकांनी पुन्हा कागद-लेखणी काढली. या वेळी त्यांना धरणाच्या नावाविषयी बोलायचे नाही. शाळेची बस कोण चालवणार आणि घरांच्या परवानग्या कुठल्या गावात बसून दिल्या जाणार, याविषयी बोलायचे आहे.